एकतीस आज्या

सर्जापूर रोड, बेंगळुरू
११ नोव्हेंबर २०२४

अक्का,

नमस्कार घे. घ्यायचा नसेल तर राहू दे, पण पत्र वाच. फोन तू उचलत नाहीस. सात वर्षांत मी तो किती वेळा केला हे सांगणार नाही, कारण तो आकडा ऐकून तुला बरं वाटेल.

मी सध्या राजाजीनगरच्या घरी नाही. रघुपतीकडे राहायला आले आहे, नातीला सांभाळायला. मैत्रेयी सव्वा वर्षाची झाली. तिला प्लगची भोकं आवडतात आणि माझा चष्मा. रघुपती महिन्यातले वीस दिवस हैदराबादला असतो आणि सून आश्लेषा बेळ्ळंदूरच्या ऑफिसात. इथल्या पाळणाघराची फी तिने मला सांगितली तेव्हा मी गप्प बसले. मी गप्प बसले यावरून फी किती असेल ते तूच ओळख. तेवढी द्यायची म्हटली तरी मार्चपर्यंत जागा नाही. "आई, तोपर्यंत तुम्ही नाही आलात तर मला जॉब सोडावा लागेल," असं आश्लेषा म्हणाली. उद्या पाणी येणार नाही हे सांगावं इतक्या सहज म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला माहीत असणार नाही.

आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीतून सोसायटीचं मागचं छोटं फाटक दिसतं. तिथे रोज साडेबाराला एक मुलगी येते. नऊ-दहा वर्षांची, कडेवर बाळ. वॉचमन तिला आत सोडत नाही, कामाला येणाऱ्या बायकांची मुलं आत नकोत असा इथला नियम आहे. मग आतून तिची आई धावत जाते आणि ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला बसून बाळाला पाजते. दहा मिनिटांत परत. ती आई म्हणजे यल्लव्वा, आमच्याकडे आणि आणखी चार घरी भांडी-फरशी करते. यादगीरकडून आलेली आहे. मुलीचं नाव कावेरी, बाळ शिवकुमार, पण त्याला सगळे शिवू म्हणतात.

आता विचारायचं ते असं. पाजण्याआधी कावेरी एका डब्यातून ओलं फडकं काढून आईला देते. यल्लव्वा त्याने हात, गळा, छाती पुसते आणि मगच बाळाला घेते. हे रोज. का, म्हणून मी यल्लव्वाला विचारलं तर "सुम्ने, अम्मा," म्हणजे असंच, म्हणून हसली. असंच कोणी रोज ओलं फडकं डब्यात घालून आणत नाही.

आपली आई तंबाखूच्या वखारीत होती. दुपारी तू मला कडेवर घेऊन वखारीच्या दाराशी नेत होतीस, एवढं आई सांगायची. तुझ्याकडेही असं फडकं होतं का?

उत्तर दिलं नाहीस तरी मी आणखी लिहिणार. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

कस्तुरी


२२ नोव्हेंबर

अक्का,

अकरा दिवस झाले, उत्तर नाही. ठीक आहे.

मी आता रोज साडेबाराला मैत्रेयीला घेऊन खाली फाटकाशी जाते. वॉचमनला वाटतं मी हवा खायला येते. कावेरीशी माझी ओळख झाली आहे. ती बाळाला डाव्या कडेवर घेते आणि औषधाचं दुकान आलं की उजव्या. मी विचारलं, दुकानाशीच का? तर म्हणाली, तिथे सावली संपते, उन्हात डावीकडे त्याच्या डोळ्यांवर ऊन येतं. हे तिने स्वतः शोधून काढलं आहे. चाळीस वर्षं मी मुलांना पृथ्वी आणि सूर्य शिकवला, पण एवढं व्यवस्थित मला कोणी सांगितलं नव्हतं.

कावेरी पाचवीत आहे. म्हणजे पटावर आहे. शिवू जन्मला आणि यल्लव्वा दोन महिन्यांनी कामाला लागली, तेव्हापासून ती शाळेत गेलेली नाही. मी तिच्या शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटले. भला माणूस आहे. म्हणाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आली तर मी तिला परीक्षेला बसवतो, त्यानंतर माझ्या हातात काही नाही. आणि मेडम, एक वर्ष मागे पडलेली मुलगी परत येत नाही, तुम्हाला सांगायला नको. मला खरंच सांगायला नको होतं.

मग मी अंगणवाडीत गेले. तिथली टीचर म्हणाली, आम्ही तीन वर्षांच्या पुढची मुलं घेतो. त्याहून लहानांना घरी न्यायला पीठ मिळतं, बसायला जागा नाही. आणि आम्ही चारच्या आत बंद करतो. मी म्हणाले, यल्लव्वा तर सहाला सुटते. तर ती म्हणाली, अम्मा, माझी स्वतःची मुलगी शेजारणीकडे असते.

मला यात गंमत वाटायला लागली आहे, म्हणजे दोरा ओढावा आणि संपूच नये तशी. आश्लेषाचं मूल मी सांभाळते म्हणून ती ऑफिसात जाते. माझं काम यल्लव्वा करते म्हणून मी मूल सांभाळते. यल्लव्वाचं मूल कावेरी सांभाळते. कावेरीचं काय, असं विचारलं की दोरा तुटतो. सातव्या मजल्यावरच्या बाईला आणि पत्र्याच्या शेडमधल्या बाईला एकच गोष्ट हवी आहे, आणि दोघींना ती मिळत नाही. मग ती सरकारने का देऊ नये? रस्ता देतं, दिवा देतं, शाळा देतं. तीन वर्षांपर्यंत मूल हवेत वाढतं असं सरकारला वाटतं की काय?

म्हणून मी वॉर्डाच्या कार्यालयात गेले. तिथे रत्नाकर नावाचे अधिकारी आहेत, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. आमच्या मागच्या वस्तीशेजारी सरकारी समुदाय भवन आहे, वर्षातले अकरा महिने कुलूप. तिथे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पाळणाघर करा, फुकट किंवा परवडेल अशा फीत, असं मी म्हणाले. ते म्हणाले, योजनेत बसवता येईल, पण गरज दाखवावी लागते. तीन वर्षांखालची किती मुलं, त्यांना दिवसा कोण सांभाळतं, घरोघरीची यादी आणा. मी उठत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या नातीला पाठवाल का तिथे, मेडम?"

अक्का, मी लगेच हो म्हणाले नाही. मी म्हणाले, "बघू." त्यांनी मान हलवली आणि फाइल मिटली. घरी येईपर्यंत मला स्वतःचा राग येत होता.

यादी मात्र मी आणणारच. पटावरची नावं लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

कस्तुरी


६ डिसेंबर

अक्का,

आज मी तोंडावर आपटले आहे. तुला ऐकायला आवडेल म्हणून सविस्तर लिहिते.

चार दिवस मी वस्तीत फिरले. इस्त्रीची साडी, काखेत लांब रजिस्टर, लाल आणि निळं पेन. तीन वर्षांखालची मुलं असलेली एकतीस घरं निघाली. प्रत्येक आईला दारात उभं करून मी विचारलं, बाळाला दिवसा कोण सांभाळतं? मोठी मुलगी शाळेत जाते का? सगळ्यांनी नीट, आदराने उत्तरं दिली. मी निळ्या पेनाने लिहीत गेले, खाली सही केली, आणि आज सकाळी रत्नाकरांच्या टेबलावर यादी ठेवली. रजिस्टर बघून तेही खूश झाले. असं अक्षर आता बघायला मिळत नाही म्हणाले. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि थांबले.

"मेडम, तुमच्या यादीप्रमाणे एकतीसच्या एकतीस घरांत अज्जी आहे. अज्जी सांभाळते. आणि सगळ्या मुली शाळेत जातात. मग पाळणाघर कशाला?"

मी रजिस्टर हातात घेतलं. खरंच होतं. ओळीने अज्जी, अज्जी, अज्जी, म्हणजे आजी. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं. आणि चार दिवसांत त्या वस्तीत मी एक पांढरं डोकं बघितलं नव्हतं. कावेरीच्या घरासमोरसुद्धा मी अज्जी लिहिलं होतं, कारण यल्लव्वाने तसं सांगितलं आणि माझं पेन सवयीने चाललं. अर्जाला माझी यादी जोडली गेली तर अर्ज तिथेच मरणार होता. मी म्हणाले, ही परत द्या, यात चूक आहे. रत्नाकरांनी दिली. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्या बायका खोटं का बोलल्या हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. दारात रजिस्टर घेऊन हेडमिस्ट्रेस उभी राहिली की कोणती आई सांगेल की मी मुलीला शाळेतून काढलं? त्यांना वाटलं मी पकडायला आले आहे. आणि अक्का, मी आयुष्यभर तेच केलं. माझ्या शाळेत नियम होता, कडेवर मूल घेऊन वर्गात यायचं नाही. नियम मीच केला होता. अशी मुलगी आली की मी तिला दारातूनच परत पाठवत असे आणि महिन्याने लाल पेनाने नाव कापत असे. त्या मुली कुठे जात होत्या याचा मी एकदाही विचार केला नाही.

आता दुसरंही लिहून टाकते. माझ्या निरोप समारंभातून तू न जेवता गेलीस तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, अक्काला निपाणीची बस पकडायची होती. तू का गेलीस ते मला माहीत नाही, असं मी सात वर्षं म्हणत आले. मला माहीत होतं. मी माइकवर म्हणाले की मला कोणाचा आधार नव्हता, मी माझ्या हिमतीवर शिकले. तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. भाषण मी आठ दिवस लिहीत होते. पहिल्या कागदावर तुझं नाव होतं. तू तिसरीतून शाळा सोडलीस, मला सांभाळायला, हेही होतं. मी ते खोडलं, कारण समोर संस्थेची मोठी माणसं बसणार होती आणि आपण वखारीतल्या बाईच्या मुली हे मला त्यांना कळू द्यायचं नव्हतं. मला लाज वाटत होती. आता त्या लाजेची लाज वाटते.

माफी मागते आहे, पण मला मदतही हवी आहे. दोन्ही एकाच पत्रात मागायला नको होतं खरं तर. पण फेब्रुवारी दोन महिन्यांवर आहे. त्या बायकांना मी काय विचारू, म्हणजे त्या खरं सांगतील? मला प्रश्न विचारता येत नाहीत हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं आहे.

कस्तुरी


१८ डिसेंबर

अक्का,

तुझं कार्ड काल आलं. आश्लेषाला पोस्टकार्ड कसं असतं ते माहीतच नव्हतं, उलटसुलट करून बघत होती. मी ते तिला वाचून दाखवलं आणि मध्येच मला वाचता येईना, तेव्हा उरलेलं तिने वाचलं. पुण्याची मुलगी, तुझी बोली तिच्या तोंडी कशी वाटली असेल विचार कर.

तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवते आहे, माझ्याच समाधानासाठी:

"फडकं हुतं. तंबाकूचा वास आला की तू वकायचीस. म्हून वलं फडकं न्यायचो. शाळंचा इनिस्पेक्टर घरला आल्ता तवा आईनं बी त्येला सांगितलं, आजी सांभाळती. आजी मरून दोन वर्सं झालती. आयांस्नी इचारू नगंस. पोरीस्नी इचार. शाळंचं नाव काडू नगंस. बाळाला दुपारी काय देतीस, येवढंच इचार. जी सांभाळती ती लगीच सांगती."

माफीबद्दल एक अक्षर नाही. ते मी बघितलं.

यल्लव्वाला फडक्याचं पुन्हा विचारलं. ती आमच्या पाचही घरांचे संडास-बाथरूम अ‍ॅसिडने धुते. त्याचा वास बाळाला सहन होत नाही. साठ-पासष्ट वर्षांत वास तेवढा बदलला.

मी या वेळी रजिस्टर नेलं नाही. जुनी सुती साडी नेसले आणि मैत्रेयीला कडेवर घेतलं. भर दुपारी गेले, आया कामावर असतात तेव्हा. मुली दारात बसलेल्या होत्या. मी मैत्रेयीला खाली सोडायचे आणि म्हणायचे, आमची ही दुपारी काही खात नाही, तू तुझ्या बाळाला काय देतेस?

अक्का, त्यांना बोलायला जराही वेळ लागला नाही. एकीने सांगितलं, चहात बिस्कीट, पण बिस्कीट विरघळू द्यायचं नाही. एक म्हणाली, भाताची पेज, आणि ताटली वाजवल्याशिवाय तोंड उघडत नाही. एकीने मैत्रेयीची हनुवटी धरून मला दाखवलंच. मग ती म्हणाली, हिची अज्जी कुठे आहे? मी म्हणाले, मीच अज्जी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, या वस्तीत ती गोष्ट नवी होती.

बावीस घरांत असं चटकन उत्तर मिळालं. त्यातल्या दोन ठिकाणी मुलगे सांभाळतात. सात घरांतली बाळं आईबरोबर कामावर जातात, जिन्याखाली झोपतात. एका घराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून रडण्याचा आवाज येत होता. तिथे मी बराच वेळ उभी राहिले, पत्र्यावर बोटं वाजवून गाणं म्हटलं, आणि आवाज थांबल्यावर निघाले.

आणि शेवटच्या घरात खरीच एक अज्जी निघाली. तिला विचारलं, बाळाला काय देता? तर म्हणाली, तुला कशाला पाहिजे?

कस्तुरी


९ जानेवारी २०२५

अक्का,

थोडक्यात लिहिते, अंगात कणकण आहे.

नवीन यादी आश्लेषाने टाइप केली. टाइप करताना ती कुलपाच्या घराशी थांबली आणि उठून मैत्रेयीला बघून आली. मग म्हणाली, "आई, माझंही नाव घाला ना अर्जात. मलाही स्लॉट हवाच आहे." मी म्हणाले, ते वस्तीतल्या मुलांचं पाळणाघर असणार. ती म्हणाली, "सरकारी शाळेत फक्त गरिबांची मुलं उरली आणि शाळेचं काय झालं हे तुम्हीच सांगता ना? सेम होईल." आपलंच बोलणं सुनेच्या तोंडून ऐकलं आणि मी तिला नाव टाइप करायला सांगितलं.

बत्तिसावं नाव मैत्रेयीचं आहे. रत्नाकरांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. त्यांनी विचारलं, एवढ्या थोड्या दिवसांत ही खरी माहिती कशी काढलीत? मी म्हणाले, निपाणीला माझी थोरली बहीण आहे, तिसरीतून शाळा सोडलेली, प्रश्न तिने काढला. वखारीच्या दाराशी ती मला कशी नेत असे तेही सांगितलं. मागे बाकावर पाच-सहा माणसं बसली होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

समुदाय भवनाचं कुलूप निघणार आहे. सध्या सहा महिन्यांपुरतं, प्रयोग म्हणून. दोन बायका पगारावर नेमणार. सहा महिन्यांनी काय, ते रत्नाकरांनाही माहीत नाही. तेव्हा मी परत त्यांच्या टेबलाशी जाईन.

कस्तुरी


३ फेब्रुवारी

अक्का,

आज पाळणाघर सुरू झालं. हार नाहीत, भाषण नाही. सतरंजी, चार पाळणे, एक गॅसची शेगडी. अठरा मुलं आली, उरलेल्यांच्या आया आठवडाभर बघून ठरवतील म्हणाल्या. बरोबर आहे, मीही तेच केलं असतं. मैत्रेयीने पोचल्या पोचल्या एका मुलाच्या डोळ्यात बोट घातलं. कुलपाच्या घरातलं मूलही आलं आहे. ते रांगत नाही, एका जागी बसून दाराकडे बघतं. नेमलेल्या बायकांपैकी एकीने त्याला मांडीवरून खाली ठेवलंच नाही.

यल्लव्वा कामाच्या वाटेवर येऊन शिवूला पाजून गेली. दुपारी ती इथेच येणार, आत बसून पाजणार. त्याला सोडायला कावेरी आली होती. दप्तर पाठीवर, तेल लावून दोन वेण्या. तिने शिवूला दुसऱ्या बाईकडे दिलं, तो कसा झोपतो, काय दिल्यावर उलटी करतो, सगळं सांगितलं. मग ती दाराशी उभी राहिली. कडेवर मूल असल्यासारखी कंबर अजून वाकडी.

मी म्हणाले, जा, घंटा होईल.

तिने मला विचारलं, "ईग ना एन माडली, अज्जी?" आता मी काय करू. मी म्हणाले, अगं शाळेत जायचं. ती म्हणाली, ते माहीत आहे, पण चालताना हात कुठे ठेवू?

मी म्हणाले, मोकळे सोड. तिने सोडून बघितले. मग ती निघाली, औषधाच्या दुकानापर्यंत हळू आणि तिथून पुढे पळत. पळताना मी तिला पहिल्यांदाच बघितलं.

घरी आल्यापासून मला एकच सुचतं आहे, म्हणून लगेच लिहायला बसले. मी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तू चौदाची. तू मला शाळेच्या दाराशी सोडलंस. दुसऱ्या दिवसापासून तू आईबरोबर वखारीत जायला लागलीस, ते मला माहीत आहे. पण तो एक दिवस? आई एकदा बोलून गेली होती की त्या दिवशी तू घरी नव्हतीस आणि वखारीतही नव्हतीस. संध्याकाळी मला न्यायला वेळेवर आलीस. मधल्या वेळात कुठे होतीस, हे तेव्हा आईने विचारलं नाही, मी विचारलं नाही, नंतरही कोणी कधी विचारलं नाही.

मी आता विचारते आहे. अकरापासून पाचपर्यंत, कडेवर कोणी नसताना, तू कुठे गेली होतीस, अक्का?

कस्तुरी